परदेशातून, उतारवयात आपल्या गावच्या फुटबॉल क्लबला फॉलो करायचं तर: कुठून सुरू करायचं, कशानंतर काय

सीझन तोंडावर आला की लोक पहिलं काम काय करतात, तर कुठल्यातरी ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकतात. मग पहिल्याच शनिवारी कळतं की आपल्या क्लबची लीग त्या ॲपवर नाहीच, किंवा आहे पण आपण राहतो त्या देशात दिसत नाही, किंवा दिसते पण रात्री दोनला. त्यात वय साठीच्या पुढे असेल, मुलांकडे राहायला गेलेलं असेल, किंवा तीस-चाळीस वर्षं परदेशात काढून आता रिटायरमेंटनंतर पुन्हा क्लबकडे वळायचं असेल, तर एवढ्या एका घोळावर माणूस हात टेकतो आणि म्हणतो जाऊ दे, स्कोअर बघू पेपरात. असं व्हायला नको म्हणून हे सगळं लिहितोय. यात महत्त्वाचा आहे तो क्रम: आधी क्लब, मग स्पर्धा, मग वेळ, मग कुठल्या मॅच बघायच्या ते, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

१. क्लब आज नेमका कुठे आहे ते बघा

हे ज्यांचा मधे मोठा खंड पडलाय त्यांच्यासाठी जास्त. तुमच्या डोक्यातला क्लब आणि आजचा क्लब यात नाव, ग्राउंड, डिव्हिजन, मालक काहीही बदललेलं असू शकतं. मोहन बागानचं नाव २०२० मध्ये एटीके मोहन बागान झालं आणि २०२३ मध्ये मोहन बागान सुपर जायंट झालं. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी सोडलं, वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क, ॲटलेटिको माद्रिद २०१७ मध्ये नव्या स्टेडियमवर गेला. इंग्लंडमध्ये तर डिव्हिजनची नावंच फिरली, १९९२ च्या आधी फर्स्ट डिव्हिजन म्हणजे सगळ्यात वरची, आता वर प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप आणि लीग वन म्हणजे चक्क तिसऱ्या पायरीवरची. जुन्या नावाने शोधत बसलात तर भलतंच काहीतरी हाती लागतं.

क्लबची अधिकृत वेबसाइट एकदाच नीट शोधा, बुकमार्क करा, आणि सोशल मीडियाची अकाउंट्स त्या वेबसाइटवर दिलेल्या लिंकवरूनच उघडा, सर्चमधून नको. एकाच नावाने फॅन पेज, नकली पेज, जुनं बंद पडलेलं पेज अशी रांग असते. क्लबचा ईमेल न्यूजलेटर असेल तर तोही घ्या, कारण टाइम बदलला, तिकिटं सुटली, मीटिंग ठरली हे सगळं त्यात येतं आणि शोधत बसावं लागत नाही. महिला संघ आणि युवा संघ आहेत का तेही बघून ठेवा, बऱ्याच क्लबच्या या मॅच फुकट दाखवतात आणि त्यांची वेळही तुम्हाला जास्त सोयीची असू शकते.

तपासा: क्लब सध्या कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे आणि मागच्या सीझनला वर गेला की खाली आला, हे एका वाक्यात सांगता येतंय ना? येत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

२. स्पर्धांची यादी कागदावर

एक क्लब म्हणजे एक स्पर्धा नाही. लीग वेगळी, देशातला कप वेगळा, कधी दुसरा कपही असतो, नशीब असेल तर खंडातली स्पर्धा, आणि सीझनच्या आधीच्या फ्रेंडली. या प्रत्येकाचे प्रसारण हक्क वेगळे विकले जातात, म्हणून लीगचं सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे कपची मॅच दिसेलच असं अजिबात नाही, आणि नेमकी कपची सेमीफायनल आली की घरात धावपळ सुरू होते.

कागदावर तीन रकाने करा: स्पर्धा, अंदाजे किती मॅच, माझ्या देशात कोण दाखवतं. वीस टीमची लीग असेल तर ३८ मॅच, इंग्लिश चॅम्पियनशिपसारखी चोवीस टीमची असेल तर ४६. तिसरा रकाना आत्ता रिकामा ठेवा, तो पाचव्या टप्प्यात भरायचाय.

३. वेळेचं गणित

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिली चूक, डोक्यात एकच फरक धरून ठेवणं. "तिकडे पाच तास पुढे आहे" हे वर्षभर खरं नसतं. युरोपात घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा हा फरक एका तासाने वेगळा असतो. इंग्लंडमधली दुपारी ३ ची मॅच न्यूयॉर्कमध्ये एरवी सकाळी १० ला दिसते, पण त्या मधल्या आठवड्यांत ११ ला. ऑस्ट्रेलियात तर सगळंच उलटं, तिथली घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आणि तेही सगळ्या राज्यांत नाही, क्वीन्सलंडमध्ये बदलच होत नाही.

दुसरी चूक, भारतातल्या क्लबबाबत अर्ध्या तासाची. भारतात घड्याळ कधीच बदलत नाही, पण आपली वेळ ग्रीनिच वेळेच्या (जीएमटी) साडेपाच तास पुढे आहे, त्यातला अर्धा तास लोक विसरतात. भारतात संध्याकाळी ७:३० ची मॅच म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० आणि हिवाळ्यात सकाळी ९, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ आणि हिवाळ्यात २. भारताची वेळ स्थिर असली तरी तुमची हलते, हे लक्षात ठेवा.

तिसरी चूक तारखेची, आणि ही सगळ्यात जास्त मनाला लागते. इंग्लंडमधली डिसेंबरातली शनिवारी दुपारी ३ ची मॅच सिडनीत रविवारी पहाटे २ ला असते. लोक शनिवारी पहाटे २ चा अलार्म लावतात, उठतात, टीव्ही लावतात, आणि काहीच नाही, पूर्ण एक दिवस आधी. रात्री बाराच्या पुढची मॅच असेल तर कॅलेंडरवर "शनिवारची रात्र उलटून रविवार पहाट" असं दोन्ही वारांसकट लिहा.

हे सगळं टाळायचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः बेरीज-वजाबाकी करायचीच नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये मॅच टाकताना टाइम झोन निवडायची सोय असते, तिथे क्लबच्या शहराचा टाइम झोन निवडा आणि तिकडची वेळ जशीच्या तशी टाका, बाकी रूपांतर फोन करतो आणि घड्याळ बदललं तरी चुकत नाही. बऱ्याच क्लबच्या साइटवर संपूर्ण वेळापत्रक कॅलेंडरला जोडायची लिंकही असते. ती जोडताना फाइल डाउनलोड करून एकदाच टाकू नका, "सबस्क्राइब" करा, म्हणजे मॅच हलली तर तुमच्याकडेही हलते. डाउनलोड केलेली फाइल आहे तशीच राहते.

सावधान: सुरुवातीला जाहीर होणारं वेळापत्रक तात्पुरतं समजा. टीव्हीवाले मॅच निवडतात तसे वार आणि वेळा बदलतात, कपमध्ये क्लब पुढे गेला तर लीगची मॅच पुढे ढकलली जाते. दर रविवारी पुढच्या दोन आठवड्यांच्या मॅच क्लबच्या साइटवर ताडून बघायची सवय लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

४. कुठल्या मॅच लाइव्ह बघायच्या ते आत्ताच ठरवा

सगळ्या मॅच लाइव्ह बघीन हा निश्चय उतारवयात करू नका, कारण तो मोडतो आणि मोडला की मन उतरतं आणि मग माणूस क्लबच सोडून देतो. त्यापेक्षा यादीतून तीन गट करा.

पहिला गट, काहीही झालं तरी लाइव्ह: डर्बी (म्हणजे शेजारच्या, जुन्या प्रतिस्पर्धी क्लबशी मॅच), कपचे शेवटचे राउंड, सीझनचा शेवटचा दिवस. दुसरा गट, वेळ बरी असेल तर लाइव्ह: तुमच्या घड्याळाने सकाळी सात ते रात्री दहाच्या मधे येणाऱ्या. तिसरा गट, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत पूर्ण रेकॉर्डिंग किंवा हायलाइट्स. तिसरा गट कमी दर्जाचा नाही. ताज्या डोक्याने, पाहिजे तिथे थांबवून बघितलेली मॅच अर्धवट झोपेत बघितलेल्या मॅचपेक्षा जास्त कळते, मी तर म्हणेन बचाव कसा चाललाय हे अशीच मॅच बघताना नीट दिसतं.

पण तिसऱ्या गटासाठी एक तयारी लागते: स्कोअर आधी कळता कामा नये. स्कोअर ॲपची नोटिफिकेशन बंद करा, फॅमिलीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्या रात्रीपुरता म्यूट करा, आणि रेकॉर्डिंग उघडताना क्लबच्या होमपेजवरून जाऊ नका, तिथे निकाल मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. रिप्लेच्या पानाचीच लिंक सेव्ह करून ठेवा.

५. कुठे बघायचं: हक्क समजून घ्या, मग पैसे भरा

आता तो रिकामा रकाना. फुटबॉलचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे "भाचा तिकडे याच ॲपवर बघतो" या माहितीचा तुम्हाला उपयोग शून्य. लीगच्या अधिकृत साइटवर बहुतेक वेळा देशानुसार प्रसारकांची यादी असते, तिथे तुमचा देश शोधा. असं प्रत्येक स्पर्धेसाठी वेगळं करा.

कधीकधी परदेशात राहणं फायद्याचंही पडतं. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत, म्हणून ३ वाजताच्या मॅच तिथल्या लोकांना घरबसल्या दिसत नाहीत पण परदेशातल्यांना दिसतात. तुमचा शाळासोबती रेडिओ ऐकत बसलेला असतो आणि तुम्ही चित्र बघत असता.

क्लब खालच्या डिव्हिजनचा असेल तर टीव्हीपेक्षा क्लबचं किंवा लीगचं स्वतःचं स्ट्रीमिंग शोधा, आणि तेही नसेल तर ऑडिओ कॉमेंट्री. ऑडिओला कमी लेखू नका, डोळ्यांना त्रास नाही, अंधारात पडून ऐकता येतं, आणि गावाकडचा कॉमेंटेटर असेल तर खेळाडूंची, ग्राउंडची, वाऱ्याची सगळी खबर मिळते जी मोठ्या चॅनलवर कधीच मिळत नाही. फक्त गावाकडच्या रेडिओ स्टेशनची ऑनलाइन कॉमेंट्री हक्कांमुळे परदेशात बंद असू शकते, तेव्हा एखाद्या फ्रेंडली मॅचला आधी लावून बघा.

पैसे भरण्याआधी या गोष्टी बघा, आणि शक्यतो मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून बघा:

- पास एका सीझनचाच घ्या. क्लब वर गेला किंवा खाली आला की हक्क पूर्ण दुसऱ्याकडे जाऊ शकतात आणि दोन वर्षांचा पास वाया जातो.
- आपोआप रिन्यू होतो का, आणि कुठल्या तारखेला. ती तारीख आणि तिच्या आठवडाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका.
- लाइव्ह हुकली तर पूर्ण रेकॉर्डिंग मिळतं का, की नुसते तीन मिनिटांचे हायलाइट्स. तुमच्यासाठी हा मुद्दा लाइव्हपेक्षाही मोठा आहे.
- टीव्हीवर चालतं की फक्त फोनवर.

सावधान: मॅचच्या अर्धा तास आधी ग्रुपवर "फ्री लाइव्ह लिंक" फिरायला लागतात. त्या उघडू नका. कार्ड नंबर मागणं, "प्लेयर अपडेट करा" म्हणून काहीतरी इन्स्टॉल करायला लावणं, ओटीपी मागणं हे सगळं तिथूनच होतं आणि ज्येष्ठ लोक यात सगळ्यात आधी सापडतात. व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं इंटरनेटला दाखवणारं ॲप) लावून दुसऱ्या देशाचं सबस्क्रिप्शन चालवायचा सल्लाही खूप जण देतात, पण ते बहुतेक सेवांच्या अटींच्या विरुद्ध असतं, अकाउंट बंद पडलं की पैसे गेले आणि भांडायला जागा नाही.

आणखी एक, मुलांकडून दुसऱ्या देशात किंवा गावी महिनाभर जाणार असाल तर तुमचं अकाउंट तिथे चालेलच असं नाही. युरोपियन युनियनच्या आत तात्पुरत्या प्रवासात पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन वापरू देणं २०१८ पासून बंधनकारक आहे, बाहेर तसा नियम धरून चालू नका.

६. घरातली मांडणी

थोडक्यात सांगतो. फोनवर मॅच बघू नका, बॉल दिसत नाही आणि मान दुखते, टीव्हीवर लावा. चित्र अडकत असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल टाका, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. ऐकायला कमी येत असेल तर आवाज वाढवून घर उठवण्यापेक्षा ब्लूटूथ हेडफोन, आणि श्रवणयंत्र असेल तर ते टीव्हीला जोडता येतं का ते ऑडिओलॉजिस्टला विचारा, बऱ्याच नव्या यंत्रांत जमतं. पासवर्ड एका वहीत, वही ठरलेल्या जागी.

तपासा: मॅचच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी, कुणाच्याही मदतीशिवाय टीव्ही सुरू करण्यापासून ॲपमधला व्हिडिओ चालू होईपर्यंत एकदा स्वतः करून बघा. जिथे अडाल ती पायरी कागदावर लिहून रिमोटजवळ चिकटवा.

७. बदललेले नियम

मधे बरीच वर्षं गेली असतील तर हे वाचल्याशिवाय पहिली मॅच बघू नका, नाहीतर रेफरीवर उगाच चिडाल.

जाणूनबुजून पायाने मागे दिलेला पास गोलकीपर हातात घेऊ शकत नाही, हे १९९२ पासून. जिंकल्याला दोनऐवजी तीन पॉइंट, इंग्लंडमध्ये १९८१ पासून आणि वर्ल्ड कपमध्ये १९९४ पासून. व्हिडिओ रेफरी नियमांत आला २०१८ मध्ये, पण सगळ्या लीगमध्ये तो नाही, खालच्या डिव्हिजनमध्ये तर सहसा नसतोच. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी एरियाच्या बाहेर जायची गरज नाही, म्हणून आता डिफेंडर गोलकीपरच्या शेजारी उभे दिसतात, ती चूक नाही. पाच बदली खेळाडू २०२० मध्ये तात्पुरते आले आणि २०२२ मध्ये नियमात कायमचे बसले. युरोपियन क्लब स्पर्धांमधला अवे गोलचा नियम (दोन मॅच मिळून बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) २०२१-२२ च्या सीझनपासून गेला. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून गट नाहीत, ३६ क्लबचं एकच टेबल आणि प्रत्येकाच्या आठ मॅच. आणि २०२५-२६ पासून गोलकीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर.

इंज्युरी टाइमही (वाया गेलेल्या वेळेची शेवटी मिळणारी भरपाई) आता बराच लांबतो, आठ-दहा मिनिटं सहज. म्हणजे मॅचसाठी दोन तास धरा आणि झोपेचं, गोळ्यांचं गणित त्यावर करा.

८. सोबत कोण

एकट्याने बघितलेला क्लब फार दिवस टिकत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय. गावाकडे एक माणूस पक्का करा, भाऊ, मेहुणा, जुना मित्र, जो प्रत्येक मॅचनंतर दहा मिनिटं बोलेल. मॅच चालू असताना फोन नको, कारण इंटरनेटवरचं चित्र टीव्हीच्या किंवा मैदानाच्या अर्धा-एक मिनिट मागे असतं आणि तो "गोऽऽल" ओरडतो तेव्हा तुमच्याकडे अजून थ्रो-इन चाललेला असतो. दोघांनी एकत्रच बघायचं असेल तर दोन्हीकडच्या स्क्रीनवरचं मॅचचं घड्याळ फोनवर वाचून दाखवा, ज्याचं पुढे आहे त्याने पॉज करून दुसऱ्याची वाट बघा आणि मग चालू करा. हाफटाइमनंतर परत एकदा जुळवा, मधे सरकलेलं असतं.

मोठ्या क्लबच्या परदेशात अधिकृत सपोर्टर्स शाखा असतात, क्लबच्या साइटवर यादी मिळते. पहिल्यांदा जाताना आधी ईमेल करून विचारा की बसायला खुर्ची मिळेल का, आवाज किती असतो, मॅच किती वाजता संपते आणि परत यायला गाडी आहे का. पहिली मॅच दुपारची निवडा.

क्लबची मेंबरशिप परदेशातून मिळते का तेही बघा. जर्मनीत बहुतेक क्लबमध्ये मतांचा मोठा वाटा सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे, स्पेनमध्ये बार्सेलोना, रियल माद्रिद, ॲथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे सभासदांचेच क्लब आहेत, इंग्लंडमध्ये एएफसी विम्बल्डनसारखा क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. छोट्या क्लबला तर तुमची वर्गणी खरोखर उपयोगी पडते. फक्त मत द्यायला प्रत्यक्ष हजर राहावं लागतं का, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या.

९. मॅचची रात्र आणि तब्येत

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात. २००६ च्या वर्ल्ड कपच्या वेळी म्युनिक परिसरात डॉक्टरांनी नोंदी घेतल्या, तेव्हा जर्मनीच्या मॅचच्या दिवशी हृदयाच्या इमर्जन्सी नेहमीच्या दिवसांच्या तुलनेत २.६६ पट झाल्या होत्या आणि सगळ्यात जास्त त्रास मॅच सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत झाला. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त. याचा अर्थ मॅच बघू नका असा नाही, पण तयारी करा.

बीपीची, शुगरची गोळी मॅचसाठी पुढे-मागे करू नका, वेळ अडचणीची असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. पहाटेची मॅच असेल तर आदल्या रात्री लवकर झोपा, जागत बसून वाट बघू नका. उठल्यावर एकदम उभे राहू नका, दोन मिनिटं पलंगावर बसा, बाथरूमपर्यंत दिवा लावून ठेवा. घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की आज मी पहाटे उठणार आहे.

सावधान: छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं यातलं काही झालं तर "पेनल्टी होऊ दे मग बघू" असं करायचं नाही. लगेच घरच्यांना उठवा आणि इमर्जन्सी नंबर लावा. तो नंबर देशागणिक वेगळा असतो, रिमोटजवळच्या त्याच कागदावर लिहून ठेवा.

१०. एकदा तरी मैदानावर जायचं असेल तर

आधी मॅच, मग विमान असं बहुतेक जण करतात आणि मॅच शनिवारची सोमवारी गेली की अडकतात. म्हणून एका मॅचसाठी जाऊ नका, दोन होम मॅच बसतील एवढा मुक्काम ठेवा, विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या, आणि पोचण्याचा दिवस व मॅच यात निदान दोन दिवस जाऊ द्या म्हणजे जेट लॅग उतरतो.

तिकीट फक्त क्लबकडून किंवा क्लबने नेमलेल्या विक्रेत्याकडून. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तसं घेतलेलं तिकीट गेटवर रद्द होऊ शकतं. अनेक क्लब तिकिटाआधी मेंबरशिप मागतात, ती महिनाभर आधी करून ठेवा. तिकीट आता बहुतेक ठिकाणी फोनवरच येतं, म्हणून चार्जिंग भरून, पॉवर बँक खिशात, आणि परदेशात तुमचा फोन चालेल याची आधी खात्री.

बुक करताना क्लबला लिहून विचारा: किती पायऱ्या चढाव्या लागतात, लिफ्ट आहे का, टॉयलेट किती लांब, सोबत्याचं तिकीट मिळतं का. संकोच करू नका, क्लबला हे प्रश्न नेहमीचे असतात. जुन्या आठवणीतला स्टँड पाहिजे म्हणून हट्ट धरू नका, तिथे पुढचे लोक उभे राहत असतील तर नव्वद मिनिटं तुम्हालाही उभं राहावं लागेल.

११. सीझन संपल्यावर

शेवटच्या मॅचनंतरच्या आठवड्यात एकदा बसून एवढं करा: स्ट्रीमिंगचा ऑटो रिन्यू बंद करा, क्लब पुढच्या वर्षी कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे ते लिहा, तिसऱ्या रकान्यातली नावं खोडा कारण ती पुढच्या वर्षी तीच असतील असं नाही, आणि नवं वेळापत्रक कधी जाहीर होणार ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. इंग्लंडमध्ये ते साधारण जूनमध्ये येतं. मेंबरशिप रिन्यू करायची असेल तर तीही याच बैठकीत उरकून घ्या.